क्विंटिन्सहिल, 1915: डोळ्यांसमोर उभी असलेली गाडी विसरली कशी जाते

22 मे 1915 च्या सकाळी पावणेसातच्या सुमारास स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिल नावाच्या आडबाजूच्या सिग्नल केबिनमध्ये जेम्स टिन्स्ली या सिग्नलमनने सैनिकांनी भरलेल्या एका गाडीसाठी सिग्नल पाडले, म्हणजे तिला पुढे येण्याची मुभा दिली. त्याच रुळावर, केबिनच्या खिडक्यांसमोर, एक पॅसेंजर गाडी उभी होती. लख्ख उजाडलं होतं, हवा स्वच्छ होती. ती पॅसेंजर टिन्स्लीला अनोळखीही नव्हती. जेमतेम पाव तासापूर्वी तो स्वतः तिच्याच इंजिनावर उभा राहून कामावर आला होता.

पुढच्या काही मिनिटांत तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या, शेजारच्या बाजूच्या रुळांवर, म्हणजे लूपमध्ये, उभ्या असलेल्या दोन मालगाड्याही त्यात सापडल्या आणि मग आग लागली. सुमारे 226 माणसं गेली. ब्रिटनमध्ये रेल्वे अपघातात एवढे बळी त्याआधी गेले नव्हते आणि नंतरही गेलेले नाहीत.

यंत्रावर रोज तेच ते काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की मी पुन्हा पुन्हा या प्रकरणाकडे येतो, कारण एरवी पुढे केली जाणारी कारणं इथे लागू पडत नाहीत. धुकं नव्हतं. लिव्हर, तारा, सांधे, घंट्या, सगळं ठीक चालत होतं. टिन्स्ली नवखा नव्हता. पाळी संपत आलेली नव्हती, उलट त्याची पाळी नुकतीच सुरू झाली होती. केबिनमध्ये तो एकटाही नव्हता. ही सगळी कारणं वजा केली की हातात मुरलेलं काम उरतं, आणि ते कधीच चुकत नाही हा अनुभव.

केबिन आणि तिथलं काम

क्विंटिन्सहिल हे स्टेशन नव्हतं. कार्लाइलहून ग्लासगोकडे जाणाऱ्या कॅलेडोनियन रेल्वेच्या मुख्य मार्गावर, ग्रेटनाच्या उत्तरेला दीडेक मैलावर, शेतांच्या मधोमध उभी असलेली ती एक केबिन होती. समोर दोन मुख्य मार्ग, लंडनच्या दिशेचा अप आणि ग्लासगोच्या दिशेचा डाउन. दोन्हींच्या बाहेरच्या अंगाला एकेक लूप, म्हणजे मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट देण्यासाठी धीम्या गाडीला बाजूला घेण्याची सोय. शिवाय एका मुख्य मार्गावरून दुसऱ्यावर गाडी नेता यावी म्हणून सांधे. रचना साधी होती आणि केबिनमधून सगळं दिसत होतं.

काम असं चाले. शेजारच्या केबिनमधून ठरलेल्या ठोक्यांची घंटी वाजते. तिचा अर्थ, अमुक प्रकारची गाडी घेणार का? मार्ग मोकळा असेल तर तेच ठोके परत द्यायचे आणि मार्गाची स्थिती दाखवणाऱ्या ब्लॉक यंत्राचा काटा लाइन क्लियरवर, म्हणजे मार्ग मोकळा या खुणेवर, आणायचा. मग तीच विचारणा पुढच्या केबिनकडे करायची. होकार आला की लिव्हर ओढून सिग्नल पाडायचे, गाडी गेली की सिग्नल पुन्हा धोक्यावर, मागच्या केबिनला सेक्शन, म्हणजे दोन केबिनमधला टप्पा, मोकळा झाल्याची घंटी, आणि प्रत्येक घंटीची वेळ रजिस्टरमध्ये. पाळीभर हेच. काही महिन्यांत हात हे आपोआप करू लागतात, आणि तसं व्हायलाच हवं. प्रत्येक घंटीला थबकून विचार करत बसणारा सिग्नलमन मुख्य मार्गावरची वाहतूक चालवूच शकणार नाही. सवय हा इथे दोष नाही, ती कामाची पूर्वअट आहे.

मात्र या व्यवस्थेत एक मोकळी जागा होती. घंट्या आणि काटे धावत्या गाड्यांचा हिशोब ठेवत. एखादी गाडी मागे घेऊन दुसऱ्याच मुख्य मार्गावर उभी केली, तर ती तिथे आहे हे यंत्राला आपणहून कळत नसे. ते सिग्नलमनच्या डोक्यात असे, फक्त तिथेच.

रेल्वेवाल्यांना हे चांगलं माहीत होतं. म्हणून या जागेवर तीन पहारे बसवलेले होते. पहिला पहारा लिव्हरच्या कॉलरचा. ही एक लोखंडी कडी, लिव्हरच्या मुठीवर सरकवली की खटका दाबता येत नाही आणि लिव्हर हलत नाही. मार्गावर गाडी उभी केली की त्या मार्गाच्या सिग्नलच्या लिव्हरवर ती अडकवायची. दुसरा पहारा घंटीचा. मागच्या केबिनला ठरावीक घंटी देऊन मार्ग अडल्याचं कळवायचं आणि ब्लॉक यंत्राचा काटा तसा फिरवून ठेवायचा, म्हणजे तिकडून गाडी विचारलीच जाणार नाही, आणि आपल्याही डोळ्यांसमोर काटा आठवण देत राहील. तिसरा पहारा नियम 55 चा. सिग्नलपाशी गाडी तीन मिनिटांहून जास्त थांबली, तर गाडीवरच्या माणसाने स्वतः केबिनमध्ये जायचं, आम्ही इथे उभे आहोत हे सिग्नलमनला सांगायचं, आपल्या गाडीच्या रक्षणासाठी कॉलर लावलेली आहे याची खात्री करायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची.

तिन्ही पहारे एकाच शक्यतेसाठी होते. सिग्नलमन विसरला तर?

साडेसहाची सोय

रात्रपाळीचा सिग्नलमन जॉर्ज मीकिन आणि दिवसपाळीचा टिन्स्ली यांची पाळी कागदोपत्री सकाळी सहाला बदलायची. प्रत्यक्षात सिग्नलमननी आपसात एक सोय करून ठेवली होती. कार्लाइलहून 6 वाजून 10 मिनिटांनी एक पॅसेंजर निघे. लंडनहून रात्रभर धावत येणाऱ्या दोन एक्स्प्रेस उशिरा असल्या की या पॅसेंजरला त्यांच्या पुढे काढत आणि वाटेत क्विंटिन्सहिलला बाजूला घेऊन एक्स्प्रेसना वाट देत. अशा दिवशी सकाळच्या पाळीचा माणूस तीच पॅसेंजर पकडून साडेसहाला आरामात पोचे, चालत येण्याचा त्रास वाचे. आज गाडी तुमच्याकडे थांबणार आहे हे शेजारच्या ग्रेटना केबिनमधून आधी कळलेलं असे.

अडचण फक्त रजिस्टरची होती. सहानंतरच्या नोंदी मीकिनच्या अक्षरात दिसल्या तर बिंग फुटलं असतं. म्हणून मीकिन सहानंतरच्या नोंदी एका सुट्या कागदावर करी आणि टिन्स्ली आल्यावर त्या आपल्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवून काढी.

या लबाडीबद्दल त्या काळी पुष्कळ संताप झाला. माझ्या मते ती लबाडी होती म्हणून घातक ठरली नाही. ती ज्या क्षणी माणसाचं डोकं अडकवून ठेवी त्यामुळे घातक ठरली. पाळी बदलतानाची पहिली दहा मिनिटं म्हणजे आत्ता काय कुठे उभं आहे हे नव्या माणसाने डोळ्यांनी पाहून घेण्याची वेळ. टिन्स्ली त्या दहा मिनिटांत मान खाली घालून मागच्या अर्ध्या तासाचा हिशोब लिहीत होता. समोरचं चित्र बदलत होतं आणि तो त्याआधीचं चित्र उतरवत होता. आजही अनेक कारखान्यांत पाळी बदलताना येणारा माणूस यंत्राकडे पाहण्याआधी मागच्या पाळीचे तक्ते भरायला बसतो. तिथे कसली लपवाछपवी नसते, पण डोकं तितकंच अडकलेलं असतं.

6.30 ते 6.50

त्या दिवशी दोन्ही एक्स्प्रेसना उशीर होता. 6.30 च्या सुमारास पॅसेंजर क्विंटिन्सहिलला पोचली. एरवी तिला डाउन लूपमध्ये घेतलं असतं, पण तिथे आधीच एक मालगाडी उभी होती. म्हणून मीकिनने तिला सांध्यांवरून मागे घेऊन अप मुख्य मार्गावर उभं केलं. हे नियमाला धरून होतं आणि असं याआधीही केलेलं होतं. लगोलग उत्तरेकडून कोळशाच्या रिकाम्या वाघिणींची मालगाडी आली, तिला अप लूपमध्ये घेतलं. आता चार मार्गांपैकी तीन भरले होते, फक्त डाउन मुख्य मार्ग एक्स्प्रेससाठी मोकळा.

टिन्स्ली इंजिनावरून उतरून केबिनमध्ये आला. मीकिनने त्याला परिस्थिती सांगितली आणि वर्तमानपत्र घेऊन बसला. मालगाड्यांचे गार्डही वर आले होते. युद्धाचे दिवस, बोलणं युद्धाचंच. टिन्स्ली नोंदी उतरवू लागला.

वाघिणींची गाडी लूपमध्ये आल्यावर उत्तरेकडच्या कर्कपॅट्रिक केबिनला सेक्शन मोकळा झाल्याची घंटी गेली. ती दोघांपैकी कोणी दिली यावर पुढे वाद झाला. घंटी चूक नव्हती, कारण ती गाडी खरोखरच मुख्य मार्गावरून बाजूला झाली होती. पण तिच्या पाठोपाठ जायला हवी होती ती दुसरी घंटी, म्हणजे अप मार्गावर पॅसेंजर उभी असल्यामुळे मार्ग अडल्याची, ती गेली नाही. सिग्नलच्या लिव्हरवर कॉलरही अडकवली नाही. पाळी बदलताना अर्धवट हातावेगळं केलेलं काम दोघांच्या मधल्या फटीत पडलं. मीकिनला वाटावं की आता केबिन टिन्स्लीची, आणि टिन्स्लीला वाटावं की गाडी मीकिनने उभी केली म्हणजे पुढचंही त्यानेच केलं असणार.

6.38 ला पहिली एक्स्प्रेस डाउन मार्गावरून सुखरूप गेली. 6.42 ला कर्कपॅट्रिकहून घंटी आली, सैनिकांची विशेष गाडी घेणार का? टिन्स्लीने होकार दिला. पुढे ग्रेटनाला विचारलं, होकार मिळाला, आणि त्याने अप मार्गाचे सगळे सिग्नल पाडले. त्याच सुमारास दक्षिणेकडून दुसरी एक्स्प्रेस विचारली गेली. तिलाही होकार.

घंटी, होकार, विचारणा, लिव्हर. या साखळीत कुठेही अडखळायला कारण मिळालं नाही. प्रत्येक कृतीने पुढची कृती ओढून आणली आणि मधे खिडकीबाहेर पाहण्याची गरज कधी भासली नाही. त्याने बाहेर पाहिलंच नसेल असंही नाही. ओळखीच्या जागी ओळखीची गाडी दिसते, पण ती आपल्या हातातल्या लिव्हरशी जोडली जात नाही.

सैनिकांची गाडी उतारावरून वेगात येत होती. तिच्यात रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनची तुकडी होती, बहुतेक लीथ गावची पोरं, लिव्हरपूलहून जहाजाने तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर निघालेली. 6.50 च्या सुमारास ती उभ्या पॅसेंजरवर आदळली. 213 यार्ड लांबीची गाडी चेमटून 67 यार्ड झाली. डबे लाकडी होते आणि दिव्यांसाठी गॅसच्या टाक्या होत्या. मोडतोड डाउन मार्गावर पसरली आणि मिनिटाभरात दुसरी एक्स्प्रेस तिच्यात घुसली. इंजिनांतले निखारे गॅसला लागले. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती. बटालियनचा हजेरीपट त्यातच जळाला, त्यामुळे मेलेल्या सैनिकांचा आकडा कधीच पुरता नक्की झाला नाही. लीथमध्ये क्वचितच एखादं घर असेल ज्याच्या ओळखीतलं कोणी गेलं नाही. त्यांचं सामूहिक दफन एडिंबराच्या रोजबँक दफनभूमीत झालं.

हचिन्सनची सही

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट टिन्स्लीची नाही. ती पॅसेंजरचा फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा, जॉर्ज हचिन्सन याची आहे.

नियम 55 प्रमाणे हचिन्सन केबिनमध्ये गेला. म्हणजे तिसरा पहारा हजर झाला होता. नियमाचं पाऊल उचललं गेलं, माणूस जिना चढून वर आला, रजिस्टरमध्ये सही केली. त्या सहीसाठी त्याने टिन्स्लीकडूनच लेखणी घेतली. मग तो परत आपल्या इंजिनावर गेला. त्याने काही मिनिटांपूर्वी आपल्याच इंजिनावरून आणलेल्या टिन्स्लीला स्पष्ट शब्दांत आठवण करून दिली नाही आणि लिव्हरवर कॉलर आहे का हे पाहिलं नाही.

त्याच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. केबिनमध्ये पाच-सहा माणसं, गप्पा चाललेल्या. ज्याला आठवण करून द्यायची तो सिग्नलमन तुझ्याच गाडीने आलेला. त्याला जाऊन सांगायचं, आमची गाडी इथे उभी आहे बरं का? हे अनुभवी माणसाला लागट वाटेल, वर कोणी हसेलही. मग काय करायचं, सही करायची आणि निघायचं. सही दिसते, मोजता येते, तपासणीत तीच पाहिली जाते. कॉलर पाहिली की नाही हे कुठे लिहिलं जात नाही.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामात ढिलाई येते ती बहुधा अशीच. कोणी उठून नियम मोडत नाही. नियमाचा दिसणारा भाग शाबूत राहतो आणि ज्यासाठी तो केला तो भाग आतून पोखरला जातो. कारखान्यातला पाळीच्या सुरुवातीचा तपासणी तक्ता घ्या. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसचं गार्ड, म्हणजे संरक्षक आडोसा, जागेवर आहे का, आपत्कालीन बटण चालतं का, समोर बरोबरची खूण, खाली सही. बटण खरोखर दाबून यंत्र थांबतं का हे किती जण पाहतात आणि चहाच्या आधी सगळ्या खुणा एका दमात किती जण करतात, हे त्या विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तक्ता भरलेला असल्यामुळे वरिष्ठांना मात्र ते कधीच दिसत नाही. कोरा तक्ता परवडला, तो निदान प्रश्न तरी उभा करतो.

आधी कधी बिघडलं नाही म्हणून

तिन्ही पहारे एकाच सकाळी कामी आले नाहीत हा योगायोग वाटतो, पण तो तसा नाही. कॉलर लावली नाही म्हणून आदल्या दिवशी काही झालं नव्हतं. त्याच्या आदल्या दिवशीही नाही. स्मरणशक्ती रोज काम करत होती, त्यामुळे स्मरणशक्तीसाठी ठेवलेला आधार रोज निरुपयोगी वाटत होता. सिग्नल पाडायला विसरलं तर गाडी शिटी मारते, ड्रायव्हर ओरडतो, चूक लगेच अंगावर येते. कॉलर लावायला विसरलं तर काहीच होत नाही, उलट दोन पावलं वाचतात. म्हणजे काम स्वतःच माणसाला शिकवत राहतं, हे कर, ते सोडलंस तरी चालेल. जितका अनुभव मोठा, तितकी ही शिकवण पक्की. नवखा माणूस कॉलर लावेल, कारण त्याला स्वतःवर भरवसा नाही. जुना लावणार नाही, कारण त्याचा भरवसा खऱ्याखुऱ्या अनुभवावर उभा आहे.

म्हणून मला अशा अपघातांनंतर वापरला जाणारा निष्काळजी हा शब्द अपुरा वाटतो. टिन्स्लीला काळजी नव्हती असं नाही. त्याचा अंदाज चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे सांगणारा एकही दिवस त्या सकाळपर्यंत उगवला नव्हता.

त्याच्यासाठी नाही, पण रेल्वेसाठी तो दिवस उगवून गेला होता. 24 डिसेंबर 1910 ला तिथून फार दूर नसलेल्या इंग्लंडमधल्या हॉज जंक्शनवर एका सिग्नलमनने मुख्य मार्गावर उभी केलेली दोन सुटी इंजिनं विसरून त्यांच्या मागून एक्स्प्रेस सोडली होती. 12 माणसं दगावली. तिथेही नियम 55 पाळला गेला नव्हता, इंजिनावरची माणसं सिग्नल पडण्याची वाट पाहत बसली होती. त्यानंतर त्या मार्गाच्या मालकीच्या मिडलँड रेल्वेने ट्रॅक सर्किट बसवण्याचा धडाका लावला. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी उभी असली की तिची चाकं तो दोन रुळांमध्ये जोडतात, पलीकडचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, सुटतो आणि सिग्नलचा लिव्हर अडकतो. सिग्नलमनला काय आठवतं आणि काय नाही, याच्याशी त्याचा संबंधच राहत नाही.

क्विंटिन्सहिलला ते नव्हतं. चौकशी करणारे व्यापार मंडळाचे, म्हणजे रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याचे, लेफ्टनंट कर्नल ड्रुइट यांनी नोंदवलं की ट्रॅक सर्किट असतं तर हा अपघात टळला असता. पण त्यांच्याच म्हणण्यानुसार जागा इतकी साधी आणि केबिनमधून सगळं इतकं स्वच्छ दिसणारं, की अशा ठिकाणाचा नंबर फार उशिरा लागला असता.

टिन्स्ली आणि मीकिन यांच्यावर सप्टेंबर 1915 मध्ये एडिंबराच्या उच्च न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. ज्यूरीला निर्णयासाठी आठ मिनिटं लागली. टिन्स्लीला 3 वर्षं सक्तमजुरी, मीकिनला 18 महिने कैद, हचिन्सन सुटला. दोघेही 1916 च्या डिसेंबरात बाहेर आले आणि पुन्हा रेल्वेतच लागले, सिग्नलमन म्हणून नव्हे. शिक्षा योग्य की अयोग्य यावर आजही बोललं जातं. मला त्यात एवढंच दिसतं की खटल्याने दोन माणसं शोधली, आणि दोन माणसं सापडली की पाळी बदलण्याची सोय इतके दिवस कोणाच्या नजरेत का आली नाही, कॉलरी खुंटीला का लटकत असत, हे प्रश्न मागे पडतात.

आजच्या यंत्रावर

प्रेसवर, करवतीवर, रोलरवर, पॅकिंग लाइनवर काम करणाऱ्याला टिन्स्लीची जागा ओळखू यायला वेळ लागणार नाही. यंत्र बंद करून आत हात घालताना मेन स्विचला आपलं कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची, हा नियम म्हणजे लिव्हरची कॉलरच आहे. एक तुकडा तर काढायचाय, दोन सेकंदांचं काम, असं म्हणून जो ते कुलूप घालत नाही, तो दुसऱ्या टोकाला बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर आपला हात ठेवत असतो.

प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात, म्हणजे साचा खाली येताना दोन्ही हात बाहेर राहावेत. माणसं एक बटण खिळा नाहीतर पट्टी लावून दाबून ठेवायला लागली, म्हणून आजच्या मानकांत प्रेससाठी लागणाऱ्या रचनेत दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच यंत्र हलतं, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दोन्ही सोडावी लागतात. ही रचना कोणा आळशी कामगाराला धडा शिकवायला केलेली नाही. चांगला, वेगवान, लक्ष्य पुरं करणारा कामगारही ती पट्टी लावतो हे मान्य करून केलेली आहे.

अपघातानंतर कारखान्यात सर्वांत आधी येतो तो लक्षपूर्वक काम करा असा फलक. त्याचा उपयोग किती मर्यादित आहे हे नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या 1948 च्या प्रयोगातून दिसलं होतं. एका कोऱ्या तबकडीवर काटा ठरावीक पावलांनी फिरायचा, क्वचित एकदम दुप्पट उडी मारायचा, ती उडी दिसली की कळ दाबायची. मन लावून बसलेल्या माणसांच्याही नजरेतून उड्या निसटण्याचं प्रमाण पहिल्या अर्ध्या तासानंतर ठळकपणे वाढलं. एकसुरी कामात लक्ष ओसरतं ते इच्छाशक्ती कमी पडते म्हणून नव्हे. त्याला फलक दाखवून उपयोग नाही, कामाची रचना बदलावी लागते. माणसं आलटून पालटून बसवावी लागतात, आणि कामाच्या मधे अशी एखादी कृती घालावी लागते जी सवयीला अडवेल.

अशी एक कृती जपानच्या रेल्वेत रुळलेली आहे. तिथे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवतो आणि त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो, गार्डही तसंच करतो. बाहेरच्याला ते जरा विचित्र दिसतं. पण बोट नेमकं त्या वस्तूकडे न्यावं लागतं, डोळे बोटामागे जातात आणि जे दिसतं ते शब्दांत सांगावं लागतं, त्यामुळे नुसत्या सवयीने पुढे सरकणं अवघड होतं. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने 1994 मध्ये केलेल्या चाचणीत साध्या कामात दर 100 कृतींमागे 2.38 चुका होत होत्या, बोट दाखवून उच्चारल्यावर त्या 0.38 वर आल्या. हचिन्सनने लिव्हरकडे बोट करून कॉलर आहे एवढे दोन शब्द उच्चारायचे असते, तर ते शब्द त्याच्या तोंडातून निघू शकले नसते. तिथे कॉलर नव्हती.

ही पद्धतही झिजते, हेही सांगायला हवं. बोट हलतं आणि नजर दुसरीकडे, उच्चार पुटपुटण्यावर येतो. म्हणून आधी यंत्राच्या रचनेतला अडसर आणि मग माणसाची शिस्त, हा क्रम मला उलटा करता येत नाही. जिथे ट्रॅक सर्किट बसू शकतं तिथे कॉलरवर भागवू नये, आणि जिथे गार्ड उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक बसतो तिथे हात घालू नये अशी पाटी लावून समाधान मानू नये.

ड्रुइट यांच्या अहवालातली ती साधेपणाची नोंद कारखान्याच्या तपासणीत मी सर्वांत आधी वापरेन. प्रत्येक ठिकाणी एक यंत्र असतं, ज्यावर कोणाला कधी काही झालेलं नाही, जे नव्या मुलाला पहिल्या दिवशी देतात आणि सुधारणांच्या यादीत ज्याचं नाव शेवटी असतं. तपासणी तिथून सुरू करावी, तीही एखाद्या धावपळ नसलेल्या दिवशी, पाळी बदलण्याच्या वेळी. येणारा माणूस आधी यंत्राकडे पाहतो की कागदाकडे, कुलपं वापरून घासलेली आहेत की खुंटीवर धूळ खात आहेत, आणि सही करणाऱ्याने ज्यावर सही केली ती वस्तू त्याला तिथल्या तिथे बोटाने दाखवता येते का, एवढं पाहून घ्यावं. त्याला अर्धा तासही लागत नाही.